नायक नसलेल्या गोष्टी

पुण्यातल्या प्लेगचं नाव काढलं की शाळेत जाणारं मराठी मूल लगेच दोन आडनावं सांगतं: रँड आणि चापेकर. 22 जून 1897 ची रात्र, गणेशखिंडीचा रस्ता, व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाच्या मेजवानीहून परतणाऱ्या बग्ग्या आणि पिस्तुलाचे बार. त्या तारखेच्याच नावाचा सिनेमाही 1979 मध्ये येऊन गेला. अलीकडे या गोष्टीत सावित्रीबाईंचीही भर पडली आहे. प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या, हे आता तिसरीतली मुलगीही भाषणात सांगते. मुंबईच्या मांडवीत सप्टेंबर 1896 मध्ये हा रोग ओळखणारे डॉ. अकासिओ विएगस मूळचे गोव्याचे होते, एवढ्या तपशिलात कुणी शिरत नाही. पण प्लेग येऊन गेला, माणसं मेली, सरकार घरात घुसलं, हे मुलांपर्यंत पोचलं आहे.

आता त्याच मुलाला 1918 बद्दल विचारा. मुंबई बंदरातून शिरलेला इन्फ्लुएन्झा त्या वर्षी गावोगाव पसरला. आपल्याकडे त्याला मानमोडी म्हणत. कुठलाही अंदाज घेतला तरी हिंदुस्थानात एक कोटीहून अधिक माणसं त्यात गेली. 1911 च्या जनगणनेत देशाची लोकसंख्या सुमारे 25.2 कोटी होती, 1921 मध्ये ती 25.1 कोटी भरली. जनगणनेच्या इतिहासात लोकसंख्या घटल्याचं हे एकच दशक. म्हणजे आपल्यापैकी बहुतेकांच्या घराण्यात त्या वर्षी कुणी ना कुणी गेलं असणार. कोण गेलं, हे किती घरांत माहीत आहे? वंशावळीत एखादी पणजी ‘तरुणपणीच वारली’ म्हणून सापडते आणि विषय तिथेच थांबतो.

हा फरक कशामुळे पडला असावा, याचं मला पटणारं उत्तर असं आहे. प्लेगात खलनायक होता आणि नायक होते. मानमोडीत कुणीच नव्हतं. कुणावर गोळी झाडावी असा साहेब नव्हता, फासावर गेलेले भाऊ नव्हते. नुसता ताप होता, वर त्याच वर्षी पावसानं दगा दिलेला, आणि घरात निजलेली माणसं. मुलांना सांगण्याची गोष्ट म्हटली की आपल्याला कुणीतरी लढणारं लागतं. तसं कुणी नसेल तर आपण गोष्टच सांगत नाही.

यात शाळेचा वाटा आहेच. महाराष्ट्रात इतिहासाशी मुलाची खरी ओळख चौथीत ‘शिवछत्रपती’ या पुस्तकानं होते. कित्येक पिढ्यांना ते पुस्तक तोंडपाठ आहे. त्यात गैर काही नाही, नऊ वर्षांच्या मुलाला घोडा आणि किल्ला हवाच असतो. पण तिथे बसलेलं वळण पुढे मोडत नाही. पुढच्या इयत्तांत दुष्काळ, संप, स्थलांतर हे विषय येतात ते मुद्दे म्हणून, कारणं आणि परिणाम या मथळ्यांखाली. त्यांना गोष्टीचा मान मिळत नाही.

बालसाहित्यानं ही उणीव काही प्रमाणात भरली असती, आणि तसे प्रयत्न झालेही. वा. गो. आपट्यांचा ‘आनंद’ 1906 पासूनचा, बालभारतीचा ‘किशोर’ 1971 पासूनचा. ‘साधना’चे बालकुमार अंक काढताना नरेंद्र दाभोलकरांनी भोवतालचं जग मुलांपुढे ठेवायचं धोरण धरलं होतं. त्याच दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना खून झाला. तो मुलांना कसा सांगायचा, हा प्रश्न त्यांच्याच वाचकांच्या आईबापांपुढे येऊन पडला. बहुतेकांनी टीव्ही बंद केला असणार.

मुलांना जग समजावणारं लेखन म्हटलं की पहिलं नाव नेहरूंचं घेतात. 1928 च्या उन्हाळ्यात मुलगी इंदिरा मसुरीला होती आणि नेहरू अलाहाबादहून तिला पत्रं लिहीत होते. पुढच्याच वर्षी ती पत्रं पुस्तकरूपानं आली. मग 1930 ते 1933 या काळात तुरुंगातून लिहिलेल्या पत्रांचा जगाच्या इतिहासाचा मोठा ग्रंथ झाला. पहिली पत्रं पृथ्वीच्या जन्मापासून सुरू होतात. त्यांचा आवाका मोठा आहे, पण चालू घडीच्या भाजी-भाकरीपर्यंत यायला लेखकाला फार लांबून यावं लागतं. साने गुरुजींनीही पुतणी सुधाला पत्रं लिहिली, त्यांची ‘सुंदर पत्रे’ झाली. तरी मला या कामी त्यांची पत्रं कमी आणि ‘श्यामची आई’ जास्त उपयोगी वाटते.

1933 च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिलेलं ते पुस्तक आपण आईच्या मायेचं म्हणून बाजूला ठेवलं आहे. ते सावकारीचंही पुस्तक आहे. खोताचं घर कर्जात कसं बुडतं, वसुलीला आलेला माणूस ओसरीवर बसून काय बोलतो, दागिने गेल्यावर बाई बाहेर कशी वावरते, हे मराठीत लहान मुलांना इतक्या स्पष्टपणे क्वचितच कुणी सांगितलं असेल. आणि त्यात एक प्रसंग असा आहे की मोळी डोक्यावर चढवता न येणाऱ्या म्हाताऱ्या महारणीला हात लाव, असं आई श्यामला सांगते. वर घरी येऊन अंघोळ कर, असंही सांगते. आजच्या एखाद्या सावध संपादकानं ती अंघोळ गाळली असती. गुरुजींनी ती राहू दिली. आईचा चांगुलपणा आणि त्याची हद्द, दोन्ही मुलासमोर ठेवली. हाच लेखक 1947 च्या मे महिन्यात पंढरपूरचं मंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून उपोषणाला बसला. आपल्याच माणसाचं अर्धवटपण न लपवता सांगणं, हे मला मुलांशी बोलण्याचं सर्वांत कठीण कौशल्य वाटतं.

उलट बाजूनंही कधी कधी सांगणं होतं. 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’मध्ये मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध छापून आला. लिहिणारी मुक्ता साळवे जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतली, चौदाएक वर्षांची. मुलांना समाज समजावून सांगावा लागतो असं आपण गृहीत धरतो. काही मुलांना तो आपल्याआधीच कळलेला असतो आणि त्यांच्याकडून ऐकून घेणं एवढंच बाकी असतं. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’तल्या जब्यालाही कुणी जात समजावलेली नाही.

आता माझ्या आईवडिलांच्या पिढीकडे येतो. 1972 चा दुष्काळ त्यांच्या तोंडी अजून आहे, पण कोणत्या रूपात? ताटात पोळी टाकणाऱ्या नातवाला रागावण्याच्या रूपात. ‘आम्ही मिलो खाल्लाय,’ हे वाक्य महाराष्ट्रातल्या लाखो मुलांनी ऐकलं असेल. मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी, एरवी गुरांची, हे बरेचदा सांगितलं जातं. दुष्काळी कामांवर खडी फोडणाऱ्या बायका, तिथे मिळणारी सुकडी, पाझर तलाव आणि नालाबंडिंग, हेही अधूनमधून येतं. पुढची गोष्ट मात्र येत नाही, आणि ती तर अभिमानानं सांगावी अशी आहे. त्या कामांच्या अनुभवातून, वि. स. पागे यांच्या आग्रहातून, महाराष्ट्रानं रोजगार हमीचा कायदा केला. 1977 मध्ये तो मंजूर झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. काम मागणाऱ्याला काम देणं सरकारवर बंधनकारक ठरलं. देशानं तसा कायदा 2005 मध्ये केला. दुष्काळातून कायदा निघतो, ही कल्पना दहा वर्षांच्या मुलाला सहज समजते. पण आपण त्याला पोळी संपवायला सांगून थांबतो.

गिरण्यांचं तसंच. 18 जानेवारी 1982 ला मुंबईतले सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. इथे दत्ता सामंत हे नाव होतं, म्हणजे नायक होता. पण संप जिंकला नाही आणि अधिकृतपणे कधी मागेही घेतला गेला नाही. तो नुसता विरत गेला, म्हणून त्याची गोष्टही विरली. आज लोअर परळच्या फिनिक्समध्ये पॉपकॉर्न खाणाऱ्या मुलाला वर दिसणारी चिमणी कशाची, हे सांगणारा बाप विरळा. जयंत पवारांच्या ‘अधांतर’नं आणि मीना मेनन-नीरा आडारकर यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून जमवलेल्या इतिहासानं ते काम केलं आहे. त्या दुसऱ्या पुस्तकाची रीत मला महत्त्वाची वाटते. तिथे एक नायक नाही. खानावळवाली आहे, शाहीर आहे, जॉबर आहे, संपात शाळा सुटलेला मुलगा आहे. नायकाशिवायची गोष्ट सांगायची तर अशीच सांगावी लागते, पुष्कळ तोंडांनी.

सगळ्यात अवघड उदाहरण नामांतराचं. छत्रपती संभाजीनगरात बसमधून जाणारं कोणतंही चौकस मूल विचारील, या विद्यापीठाचं नाव इतकं लांब का? ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ यातल्या प्रत्येक शब्दामागे सोळा वर्षं आहेत. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नाव बदलण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या, माणसं मारली गेली, कुटुंबंच्या कुटुंबं गाव सोडून गेली. त्याच वर्षी दया पवारांचं ‘बलुतं’ आलं होतं. अखेर 14 जानेवारी 1994 ला जुनं नाव ठेवून त्याला बाबासाहेबांचं नाव जोडण्यात आलं, नामविस्तार झाला. दर संक्रांतीला विद्यापीठाच्या कमानीपाशी लोक लोटतात आणि त्यांची मुलं खांद्यावर बसून ती गोष्ट ऐकतात.

दुसऱ्या घरांत काय सांगितलं जातं? ज्यांची घरं जळली ते सांगतात. ज्यांच्या गावानं जाळली, त्यांच्याकडे ‘तेव्हा जरा वातावरण तापलं होतं’ एवढं बोलून चहा येतो. दोन्ही घरांतली नातवंडं आज एकाच जिल्हा परिषदेच्या शाळेत एका बाकावर बसतात, एकाच्या डोक्यात अख्खी गोष्ट आणि दुसऱ्याच्या डोक्यात काहीच नाही. वीर सापडला नाही म्हणून गप्प राहणं एक वेळ समजू शकतं. इथे आपलाच आजा चुकीच्या बाजूला होता म्हणून गप्प राहिलं जातं, आणि माझ्या मते त्या गप्प राहण्याला माफी नाही. मुलाला आजोबांचा तिरस्कार शिकवायला कुणी सांगत नाही. ते तेव्हा कुठे उभे होते, एवढंच सांगायचं आहे.

निसर्गाच्या घटनांत तर माणूसच दिसत नाही, त्यामुळे त्या सांगायला सोप्या वाटतात. 30 जुलै 2014 ला आंबेगाव तालुक्यातलं माळीण दरडीखाली गेलं आणि 151 माणसं मेली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा बाहेर बातमी कळली. 2023 च्या जुलैत खालापूरजवळ इर्शाळवाडी गेली. डोंगर कसा पडतो, हे मुलाला पाणी आणि माती घेऊन दाखवता येईल. पश्चिम घाटाबद्दल माधव गाडगीळ समितीचा अहवाल 2011 मध्येच आला होता, मग तो वाचून कुणी काय केलं, हे दाखवायला पाणी-माती पुरणार नाही.

आणि आता आपली स्वतःची साथ. मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रानं करोनासाठी जो कायदा वापरला, तो साथरोगांचा 1897 चा, त्याच प्लेगाच्या वर्षीचा. तेव्हा जन्मलेली मुलं आता प्राथमिक शाळेत आहेत. त्यांच्यासमोर आपण ती साथ कशी सांगतो, हे मी लग्नाच्या पंगतीत आणि प्रवासात कान देऊन ऐकत असतो. 22 मार्चच्या थाळ्या येतात. घरी कापलेले केस येतात. पोलिसांच्या काठ्या, रस्त्यावर आलेला मोर, ऑनलाइन वर्गात झोपलेला मुलगा. हसू येतं आणि विषय मिटतो. दहा-पंधरा वर्षांनी जन्मणाऱ्या मुलांना ही साथ म्हणजे एक लांबलेली सुट्टी वाटणार, असं आत्ताच दिसतं आहे.

8 मे 2020 च्या पहाटे बदनापूर आणि करमाडच्या दरम्यान रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली सापडले. ते जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करत, मध्य प्रदेशातले होते आणि घरी जायची गाडी मिळेल या आशेनं रुळांच्या कडेनं चालत निघाले होते. रुळांवर पडलेल्या भाकऱ्यांचा फोटो सगळ्यांनी पाहिला. ही घटना मुलाला सांगायची तर ‘बिचारे’ या शब्दानं भागत नाही. मूल विचारणार, रुळांवर का झोपले? गाड्या बंद आहेत असं वाटलं म्हणून. मग गाडी आली कशी? प्रवासी गाड्या बंद होत्या, मालगाड्या चालू होत्या. चालत का निघाले? काम बंद झालं, हातातला पैसा संपत आला, घर दूर. कारखान्यात राहिले का नाहीत? इथपर्यंत आलं की आपल्याला शोधून सांगावं लागतं, आणि मुलाला जग समजतं ते इथेच. अवघड शब्द एकही लागत नाही, फक्त ‘का’ला कंटाळून चालत नाही.

याच काळात आशा कार्यकर्त्या घरोघर तापमापक घेऊन फिरत होत्या. जून 2021 मध्ये मानधनासाठी त्यांना संप करावा लागला. आपल्या दारावर आलेल्या आशाताईंचं नाव किती जणांना आठवतं? सोसायट्यांनी कामवाल्या मावशींना फाटकावरून परत पाठवलं, तेव्हा काहींनी पगार चालू ठेवला, काहींनी दोन महिने दिला आणि काहींनी फोनच उचलला नाही. ही माहिती कोणत्याही सरकारी दप्तरात नाही. ती फक्त आपल्याकडे आहे, आणि बहुतेक व्हॉट्सॲपवर आहे. फोन बदलला की ती जाणार.

मानमोडीनं गेलेल्या पणजीबद्दल लिहायला घरात लिहिता येणारं माणूस नसेल. आपल्याला ती सबब नाही. या दिवाळीत घरची चार माणसं एकत्र येतील, तेव्हा एक साधी वही काढा आणि 2020-21 ची दोन वर्षं लिहा: घरात कोण आजारी पडलं, ऑक्सिजन कुठून मिळवला, सिलेंडरला किती मोजले, अंत्यविधीला कोण जाऊ शकलं नाही, शेजारच्या कुणाच्या ताटात काय होतं. तारखा घाला, गावांची नावं घाला, रकमा घाला. मावशींचा पगार थांबवला असेल, तर तोही त्याच वहीत लिहा.