कृत्रिम श्रवणेंद्रिय

मनुष्याच्या ज्ञानेंद्रियांस यंत्राची जोड देऊन त्यांची शक्ति वाढवितां येईल काय, असा प्रश्न हल्लीं वारंवार विचारला जातो. पुढच्या शतकाचीं भाकितें करीत बसण्यापेक्षां जें यंत्र आजच लाखों बहिऱ्यांच्या कानांत बसविलेलें आहे, त्याचीच माहिती करून घ्यावी, हें आम्हांस अधिक इष्ट वाटतें. या यंत्रास कॉक्लिअर इम्प्लांट म्हणतात.

आपल्या अंतःकर्णांत गोगलगाईच्या शंखासारखी एक पिळदार नळी आहे. तिच्यांत सुमारें १५,००० सूक्ष्म केसपेशी असतात. ध्वनीचीं कंपनें त्यांस हालवितात, व त्या ती वार्ता श्रवणतंतूंच्या द्वारें मेंदूस कळवितात. नळीच्या मुखाशीं तार स्वर, तर आंतील टोंकाशीं खर्जाचे स्वर उमटतात. जणूं पेटीच्या पट्ट्याच गुंडाळून ठेविल्या आहेत. पुष्कळ बहिऱ्यांत या पेशी मेलेल्या, पण तंतु जिवंत असतात. अशांच्या कानाशीं कितीही ओरडलें तरी व्यर्थ. हें यंत्र पेशींस वगळून थेट तंतूंसच विजेचे सूक्ष्म धक्के देतें. कानामागील ध्वनिग्राहक आवाज टिपतो, त्यांतील उंच व खालचे स्वर निवडले जातात, आणि त्वचेखालीं बसविलेल्या भागामार्फत ते नळींत शिरविलेल्या बारीक विद्युदग्रांकडे धाडले जातात.

पॅरिस येथें १९५७ सालीं जूर्नो व एरिए या फ्रेंच गृहस्थांनीं हा मार्ग चोखाळला. परंतु शब्द स्पष्ट कळावयाचे, तर अनेक विद्युदग्रें नळीच्या वळणांत खोल जावयास हवीं होतीं. तेथेंच घोडें अडलें. ऑस्ट्रेलियांतील डॉ. ग्रेम क्लार्क हे एका बहिऱ्या औषधविक्रेत्याचे चिरंजीव. १९७७ सालीं सुटींत समुद्रकिनाऱ्यावर असतां त्यांनीं एका शंखांत गवताचें पातें सारून पाहिलें. टोंकाशीं लवचिक आणि बुडाशीं ताठ असें तें पातें वळणें घेत सहज आंत सरकलें! पुढील वर्षीं मेलबर्न येथें त्यांनीं आपलें यंत्र प्रथम एका रोग्याच्या कानांत बसविलें.

खरी मौज येथून पुढें आहे. १५,००० पेशींच्या जागीं बावीसेक विद्युदग्रें, हा व्यवहार किती अपुरा! यंत्र प्रथम सुरू होतें, तेव्हां पुष्कळांस बोलण्याऐवजीं नुसती शिटी किंवा किरकिर ऐकूं येते. मार्काच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायांत प्रभूनें ज्या बहिऱ्यास बरें केलें, तो तत्काळ नीट बोलूं लागला. यंत्राच्या हातून तसें होत नाहीं. महिनोन् महिने अभ्यास केल्यावर मेंदू त्या किरकिरीचा अर्थ लावण्यास शिकतो. ज्यानें पूर्वीं ऐकलेलें आहे, त्यास स्मृतीचें साह्य असतें. जन्मतः बहिऱ्या मुलास तें नसतें. आणि त्याच्या मेंदूंतील श्रवणाचा भाग पहिल्या कांहीं वर्षांत वापरला गेला नाहीं, तर पुढें त्यास वळण लावणें फार कठीण. म्हणून तान्ह्या मुलाची श्रवणपरीक्षा लांबवूं नये, असें आम्ही पालकांस आग्रहानें सांगतों. गरीब घरांतील लहान मुलांस हें यंत्र मोफत मिळावें, अशी सोय भारत सरकारच्या एडिप योजनेंत आहे. मुंबईंत वांद्रे येथील अली यावर जंग संस्थेंत याची चौकशी करितां येते.

मनुष्यास दर सेकंदास सुमारें २०,००० कंपनांपर्यंतचाच ध्वनि ऐकूं येतो; वटवाघूळ त्याच्या पुष्कळ पलीकडचें ऐकतें. यांत्रिक ध्वनिग्राहकास मनुष्याच्या मर्यादेचें बंधन नाहीं. तेव्हां वटवाघळाचा आवाजही उद्यां कोणी तंतूंस पोंचवील. तो ऐकावयास मात्र पुन्हां मेंदूसच शिकावें लागेल, आणि त्यास आधींच काय थोडें काम आहे? आजच्या यंत्रानें बाजाराच्या गलबल्यांत एकाचें बोलणें निवडणें जड जातें, व गाणें पुष्कळांस बेसूर लागतें. आधीं हें सुधारावें, असें आमचें मत आहे.

कित्येक बहिऱ्यांस तर हें यंत्र नकोच असतें. हातांच्या खुणांची त्यांची भाषा व्याकरणासह पूर्ण भाषा आहे, आणि आपणांत कांहीं उणें आहे, हेंच त्यांस मान्य नाहीं. यंत्र बसविलेल्या मुलास ती भाषा शिकवूं नये, असें म्हणणारे शिक्षक आहेत. आम्हांस तें पटत नाहीं. रात्रीं निजतांना यंत्राचा बाहेरील भाग काढून ठेविला, कीं तें मूल पुन्हां पूर्ण निःशब्दांत जातें. त्या वेळीं आईस जें सांगावयाचें असेल, तें हातांनींच सांगावें लागतें.