विधी विद्यार्थ्यांची कागदपत्रे व शिष्यवृत्त्या (महाराष्ट्र)

महाराष्ट्रात विधी शाखेच्या तीन किंवा पाच वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला प्रवेश, आरक्षण, शुल्कसवलत आणि पदवीनंतर वकिलीची नोंदणी अशा प्रत्येक टप्प्यावर निरनिराळ्या कार्यालयांचे दाखले सादर करावे लागतात. या दाखल्यांची माहिती स्वतंत्रपणे सर्वत्र मिळते, परंतु त्यांचा परस्परसंबंध सहसा सांगितला जात नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेशानंतर भरला जात असला, तरी ती मिळणार की नाही हे बहुतांशी प्रवेशाच्या आधीच्या कागदपत्रांवर आणि प्रवेश कोणत्या मार्गाने झाला यावर ठरते. या लेखात उदाहरणासाठी वर्धा शहराला लागून असलेले बोरगाव (मेघे) हे गाव घेतले आहे. हा परिसर राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो आणि नागपूर येथून सुमारे ७५ किलोमीटरवर आहे.

पार्श्वभूमी

विधी शिक्षण आणि आर्थिक साहाय्य यांचा महाराष्ट्रातील संबंध जुना आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेस गेले. शिष्यवृत्तीच्या बदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांना करावा लागला होता. १९१६ मध्ये लंडनच्या ग्रेज इन या संस्थेत त्यांनी बॅरिस्टरीसाठी नाव नोंदवले, पण शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. सिडनहॅम महाविद्यालयातील नोकरीतून साठवलेले पैसे, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले आणि १९२२ मध्ये बॅरिस्टर झाले. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ मध्ये सुरू झाली, तेव्हा ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळाचे सदस्य होते. आजच्या ‘भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती’चे मूळ तेथे आहे.

प्रवेशाची चौकट

वकिली व्यवसायाचे नियमन अधिवक्ता अधिनियम, १९६१ नुसार होते. विधी अभ्यासक्रमांचे निकष भारतीय विधिज्ञ परिषदेच्या (बार कौन्सिल ऑफ इंडिया) २००८ च्या विधी शिक्षण नियमांत आहेत. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी पदवीला किमान ४५ टक्के गुण लागतात. इतर मागासवर्गासाठी ही मर्यादा ४२ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी ४० टक्के आहे. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी बारावीच्या गुणांना हीच मर्यादा लागू होते.

राज्यातील प्रवेश २०१६ पासून राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षाच्या विधी प्रवेश परीक्षेतून (सीईटी) होतात. परीक्षेनंतर केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेच्या (कॅप) फेऱ्या होतात. उरलेल्या जागा व संस्थास्तरावरील कोटा महाविद्यालये भरतात. विद्यार्थ्याच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, कारण राज्याच्या बहुतेक शुल्कसवलत योजना केंद्रीभूत फेरीतून झालेल्या प्रवेशालाच लागू होतात. घराजवळचे महाविद्यालय हवे म्हणून फेरीत मिळालेली जागा सोडून व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेणारा विद्यार्थी त्याच दिवशी शुल्कसवलतीवरही पाणी सोडतो. हे त्याला अनेकदा काही महिन्यांनी, शिष्यवृत्तीचा अर्ज नामंजूर झाल्यावर समजते.

जात प्रमाणपत्र आणि वैधता

राखीव जागेसाठी उपविभागीय अधिकाऱ्यांनी दिलेले जात प्रमाणपत्र पुरेसे नसते, त्याची पडताळणी व्हावी लागते. महाराष्ट्रातील एका वैद्यकीय प्रवेशाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये दिलेल्या निकालाने छाननी समित्यांची पद्धत घालून दिली. पुढे राज्याने या विषयावर स्वतंत्र कायदा केला व तो २००१ मध्ये अंमलात आला. अनुसूचित जाती, विमुक्त जाती व भटक्या जमाती, विशेष मागास प्रवर्ग आणि इतर मागासवर्ग यांचे दावे जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समिती तपासते. अनुसूचित जमातींसाठी वेगळ्या समित्या आहेत.

तीन वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाची खरी अडचण या ठिकाणी आहे. बारावी विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याला अभियांत्रिकी किंवा वैद्यकीय प्रवेशासाठी वैधता लागणार हे माहीत असते, त्यामुळे कनिष्ठ महाविद्यालयातूनच त्याचा प्रस्ताव जातो. कला किंवा वाणिज्य शाखेच्या पारंपरिक पदवीला मात्र वैधता सहसा मागितली जात नाही. असा विद्यार्थी पदवीधर होईपर्यंत या प्रमाणपत्राशिवाय शिकतो आणि विधी प्रवेशाच्या वेळी प्रथमच समितीच्या दारात उभा राहतो. त्या वेळी हाती काही आठवडेच असतात. समितीकडे केलेल्या अर्जाच्या पोचपावतीवर तात्पुरता प्रवेश देण्याची आणि मूळ प्रमाणपत्रासाठी मुदत वाढवण्याची सवलत शासनाने काही वर्षी दिली आहे, पण ती दरवर्षी मिळेल असे गृहीत धरता येत नाही. पदवीच्या दुसऱ्या वर्षीच प्रस्ताव दाखल करणे सर्वांत सुरक्षित होय.

दाव्यासाठी विशिष्ट दिनांकापूर्वीचा जातीचा व वास्तव्याचा पुरावा लागतो. अनुसूचित जातींसाठी हा दिनांक १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्ग व विशेष मागास प्रवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. या दिनांकाला कुटुंब जेथे राहत होते तेथील सक्षम अधिकारी जात प्रमाणपत्र देतो. आजोबा यवतमाळ जिल्ह्यातून येऊन बोरगावात स्थायिक झाले असतील, तर नातवाला आजोबांच्या मूळ गावाच्या उपविभागाकडे जावे लागू शकते आणि पडताळणीही त्याच जिल्ह्याच्या समितीकडे होते.

विदर्भात या कामी दोन जुनी दप्तरे विशेष उपयोगी पडतात. शाळेची दाखल-खारीज नोंदवही हे त्यांपैकी एक. आजोबा किंवा पणजोबा पहिलीत ज्या प्राथमिक शाळेत दाखल झाले, तेथील नोंदीचा उतारा मुख्याध्यापकांकडून मिळतो. दुसरे म्हणजे कोतवाल बुक, अर्थात गावच्या कोतवालाने ठेवलेल्या जन्म-मृत्यूच्या नोंदी. त्यांची नक्कल तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षातून घेतात. पूर्वी नोंदी करताना जातीचे नाव बोलीप्रमाणे लिहिले जाई, आडनाव कित्येकदा लिहिलेच जात नसे. त्यामुळे पणजोबा ते अर्जदार अशी वंशावळ शपथपत्रावर मांडावी लागते आणि प्रत्येक पिढीच्या नावाला एक तरी कागद जोडावा लागतो. शाळेतील या वह्या वाळवीपासून जपणे हे वरकरणी क्षुल्लक काम आहे, परंतु एखाद्या घरातील पहिल्या वकिलाचा प्रवेश त्यांतील एका ओळीवर अवलंबून असू शकतो. वडील, सख्खे भाऊ-बहीण किंवा काका-आत्या यांच्यापैकी कोणाकडे वैधता प्रमाणपत्र असल्यास ते अर्जासोबत अवश्य जोडावे. रक्तनात्यातील अशा प्रमाणपत्राला मोठे महत्त्व आहे, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयांतून दिसते.

जात, उत्पन्न व रहिवास यांच्या दाखल्यांसाठी शासकीय कार्यालयात द्यावयाच्या शपथपत्रांना १ जुलै २००४ च्या अधिसूचनेने मुद्रांक शुल्क माफ आहे. तरीही दरवर्षी प्रवेशाच्या हंगामात मुद्रांक विक्रेत्यांपुढे पालकांच्या रांगा लागतात.

उत्पन्नाचे तीन हिशेब

उत्पन्नाच्या बाबतीत सर्वाधिक गोंधळ होतो, कारण एकाच कुटुंबाचे उत्पन्न तीन ठिकाणी तीन पद्धतींनी मोजले जाते. तहसीलदारांचा उत्पन्न दाखला सर्व मार्गांनी येणाऱ्या वार्षिक उत्पन्नाचा असतो आणि शिष्यवृत्तीसाठी तोच पाहिला जातो. उन्नत आणि प्रगत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र (नॉन क्रिमीलेअर) देताना आठ लाख रुपयांची मर्यादा असते, परंतु वेतन व शेती यांचे उत्पन्न त्या मर्यादेत धरले जात नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या प्रमाणपत्राला मर्यादा आठ लाखांचीच आहे, पण तेथे वेतन व शेतीसह सर्व उत्पन्न मोजतात. म्हणून शिक्षक-दांपत्याच्या मुलीला नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्र मिळून इतर मागासवर्गातून प्रवेश होतो, मात्र शुल्कसवलतीचा अर्ज उत्पन्न जास्त असल्याच्या कारणाने परत येतो. यात कोणाची चूक नसते, दोन नियमांचे हेतू वेगळे आहेत. नॉन क्रिमीलेअर प्रमाणपत्र अनुसूचित जाती व जमातींना लागत नाही. इतरांनी ते प्रवेशवर्षाच्या ३१ मार्चपर्यंत ग्राह्य आहे ना, हे आधी पाहावे.

शुल्काची सवलत

अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यासाठी भारत सरकार मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा अडीच लाख रुपये आहे. २०२१ पासून केंद्र व राज्य यांचा वाटा ६० व ४० टक्के असून केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होतो. त्यातील शुल्काची रक्कम सात दिवसांत महाविद्यालयात भरणे अपेक्षित असते. घरात एकदम आलेली रक्कम बियाणे, आजारपण किंवा उसनवारी यांत खर्च होते आणि वर्षाखेरीस महाविद्यालय गुणपत्रिका अडवते. पालकांना ही रक्कम कशाची आहे हे आधीच समजावून सांगणे हाच त्यावरचा उपाय. उत्पन्न अडीच लाखांपेक्षा अधिक असल्यास राज्याची शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क योजना (फ्रीशिप) आहे.

खुल्या प्रवर्गातील आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून शिक्षण शुल्काच्या निम्मी रक्कम मिळते. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग आणि इतर मागासवर्ग यांतील आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी ५० ऐवजी १०० टक्के शिक्षण व परीक्षा शुल्क देण्याचा निर्णय शासनाने घेतला. ‘मुलींना मोफत शिक्षण’ या शब्दांत या निर्णयाची प्रसिद्धी झाली, परंतु विकास शुल्क, वसतिगृह किंवा पुस्तके यांचा खर्च त्यात येत नाही.

निर्वाहाच्या योजना

वर्ध्याहून नागपूरला शिकायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला शुल्कापेक्षा खोली आणि खानावळ यांचा खर्च जड जातो. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. तिच्यात भोजन, निवास व निर्वाह भत्ता मिळून नागपूरसारख्या मोठ्या शहरात वर्षाला ६०,००० रुपये, तर जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये दिले जातात. याच धर्तीवर अनुसूचित जमातींसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयं योजना आणि इतर मागास, विमुक्त-भटक्या व विशेष मागास प्रवर्गासाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. शिक्षणाच्या गावचा रहिवासी असलेल्याला स्वाधार मिळत नाही. अल्पभूधारक शेतकरी व नोंदणीकृत मजूर यांच्या पाल्यांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना आहे. ज्यांचे नाव या योजनेला दिले आहे, ते विदर्भाचे पंजाबराव स्वतः बॅरिस्टर होते.

महाडीबीटी आणि उपस्थिती

बहुतेक शिष्यवृत्त्यांचे अर्ज ‘महाडीबीटी’ या संकेतस्थळावर भरावे लागतात. अर्ज प्रथम महाविद्यालयाच्या लॉगिनवर व नंतर संबंधित विभागाच्या जिल्हा कार्यालयाकडे जातो. महाविद्यालयाच्या पातळीवर पडून राहिलेला अर्ज विद्यार्थ्याला ‘भरलेला’च दिसतो, म्हणून अर्जाची स्थिती महिन्यातून एकदा तरी पाहावी. आधार क्रमांक बँकांत शेवटी ज्या खात्याशी जोडला असेल, त्याच खात्यात पैसे जातात. अर्जात लिहिलेला खाते क्रमांक त्यासाठी उपयोगाचा नसतो. या संकेतस्थळावर ‘राइट टू गिव्ह अप’ असा एक पर्याय आहे. तो निवडल्यास विद्यार्थी स्वेच्छेने शिष्यवृत्तीचा हक्क सोडतो. इंग्रजी शब्दांचा अर्थ न कळल्याने अनेकांनी तो चुकून निवडला आहे. त्या कळीला हात लावू नये.

विधिज्ञ परिषदेच्या नियमांनुसार प्रत्येक विषयात ७० टक्के उपस्थिती लागते. शिष्यवृत्तीसाठी मात्र सामान्यतः ७५ टक्के उपस्थिती मागितली जाते. या पाच टक्क्यांच्या अंतरात सापडलेला विद्यार्थी परीक्षेस बसतो, पण त्याची रक्कम थांबते. नोकरी करत विधी शिक्षण घेण्याची जुनी रूढीही आता जपून पाळावी लागते. परिषदेच्या २४ सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकाने विद्यार्थ्याला नोकरी, एकाच वेळी घेतलेली दुसरी पदवी आणि गुन्ह्याची नोंद यांबाबत घोषणापत्र देणे बंधनकारक केले आहे.

कर्जासाठी ‘विद्यालक्ष्मी’ संकेतस्थळ आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळते, परंतु ते ठरावीक उच्च मानांकित संस्थांपुरतेच. जिल्ह्यातील महाविद्यालय त्या यादीत आहे का, हे बँकेत जाण्यापूर्वी तपासावे.

पदवीनंतर

वकिलीची नोंदणी महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेकडे होते आणि त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. नोंदणी शुल्क हा दीर्घकाळ वादाचा विषय होता. निरनिराळ्या राज्यांच्या परिषदा १५,००० पासून ४२,००० रुपयांपर्यंत रक्कम घेत. गौरव कुमार विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात ३० जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायद्यात लिहिल्यापेक्षा अधिक शुल्क घेता येणार नाही, असा निकाल दिला. त्यानुसार ही रक्कम सर्वसाधारण उमेदवारास ७५० रुपये व अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारास १२५ रुपये आहे.

२० मे २०२५ च्या निकालाने कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश पदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू झाली. नव्या पदवीधराला आता ही तीन वर्षे ज्येष्ठ वकिलाच्या हाताखाली काढावी लागतात. विद्यार्थी म्हणून मिळणारी प्रत्येक शिष्यवृत्ती त्याआधीच संपलेली असते. कनिष्ठ वकिलांना शहरी भागात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन द्यावे, असे भारतीय विधिज्ञ परिषदेने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवले आहे. ती केवळ शिफारस असून ज्येष्ठ वकिलांवर बंधनकारक नाही.