उकड्याचं भाण

क्वालालंपूरच्या मनोरुग्णालयात १९०५ साली विल्यम फ्लेचर नावाच्या डॉक्टरने रुग्णांचे दोन गट पाडले. एकाला सयामचा पांढरा तांदूळ, दुसऱ्याला हिंदुस्थानातून येणारा उकडा, म्हणजे भात सालीसकट उकडून, वाळवून मग काढलेला. पांढरा खाणाऱ्यांपैकी १८ माणसं बेरीबेरीने दगावली. उकडा खाणाऱ्यांत या रोगाचे दोनच रुग्ण होते, आणि ते दोघे दाखल झाले तेव्हाच आजारी होते. हे वाचल्यापासून मला एकच वाटत होतं : ज्या तांदळाने त्या माणसांना वाचवलं, तो होताना एकदा डोळ्यांनी पाहायचा. भात झोडून घरात आल्यावर कुडाळ तालुक्यातल्या एका गावी गेले.

ज्या घरी उतरले तिथल्या काकी सत्तरीच्या. मागच्या पडवीला तीन दगडांच्या चुलीवर तांब्याचं भाण चढवलेलं, काजळीने बाहेरून काळंठिक्कर. आदल्या दुपारी त्यांनी त्यात लाल सालीचं गावठी भात ओतून पाणी तापवलं होतं आणि ते रात्रभर तसंच ठेवलं होतं. सकाळी पाणी काढलं, तळाला थोडंच ठेवलं, वर गोणपाट झाकलं आणि चुलीत नारळाची सोडणं सारली.

मग तो वास आला. भिजलेल्या तुसाचा, ओल्या गवताचा, किंचित आंबूस, आणि त्याच्या खालून शिजत्या पेजेचा. तो कपड्यांत, केसांत बसतो. शहरातल्या काही घरांत याच वासासाठी उकडा नको म्हणतात. मला मात्र त्या पडवीतून हलवेना.

वाफ गोणपाटातून वर यायला लागली तशी काकींच्या सूनबाईंनी कालथा उचलला. काकींनी हात आडवा केला. ‘‘रव गो, अजून त्वांड उघडूक नाय.’’ चार दाणे तळहातावर घेऊन त्या उजेडात बघत होत्या. तूस टोकाशी उकललं की भात झालं. त्याआधी उतरवलं तर दाण्याच्या पोटात पांढरं राहतं आणि गिरणीत कणी होते. जास्त ठेवलं तर दाणा फुलून बाहेर येतो. घड्याळ कुणी पाहिलं नाही.

दाण्यात काय होतं ते आता ठाऊक आहे. ‘ब’ गटातली आठ आणि ‘क’ ही जीवनसत्त्वं पाण्यात विरघळतात. भाताच्या दाण्यात थायमिन, म्हणजे ‘ब१’, मुख्यतः कोंड्यात आणि अंकुरात असतं, आतल्या पांढऱ्या भागात अगदी थोडं. भिजताना पाणी आत शिरतं आणि जाताना ते थायमिनला सोबत नेतं. वाफेने आतला पिष्टमय भाग चिकट होऊन घट्ट बसतो आणि थायमिन तिथेच अडकतं. थोडं उष्णतेने नासतं, थोडं ओतून दिलेल्या पाण्यात जातं. पण पुढे गिरणीत कोंडा उडाला तरी दाण्यात बरंच शिल्लक राहतं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेल्या अन्नघटकांच्या तक्त्यांत १०० ग्रॅम पांढऱ्या तांदळात सुमारे ०.०५ मिलिग्रॅम थायमिन आहे. उकड्यात ते तिपटीहून जास्त आहे.

बेरीबेरीच्या मुळाशी याच थायमिनचा अभाव आहे, हे जगाला कळायला कोंबड्या लागल्या. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, डच डॉक्टर ख्रिस्तियान आइकमन यांच्या कोंबड्या लष्करी इस्पितळाचा उरलेला पांढरा भात खाऊन लुळ्या पडत होत्या. नव्या आचाऱ्याने तो भात द्यायचं बंद केलं, त्यांना सालीसकटचा तांदूळ मिळू लागला आणि त्या उभ्या राहिल्या. आइकमनना वाटत होतं की पांढऱ्या भातात काही विष असावं. तिथे काहीतरी कमी आहे, हे त्यांचे सहकारी खेरिट ग्राइन्स यांनी १९०१ साली मांडलं. १९२६ साली त्याच शहरात कोंड्यातून ते द्रव्य, म्हणजे थायमिन, शुद्ध रूपात वेगळं काढलं गेलं. त्याच्या कितीतरी आधीपासून कोकणात आणि गोव्यात बायका भात उकडत होत्या. आपल्याकडे बेरीबेरीने ठाण मांडलं ते आंध्रच्या किनारपट्टीवर, जिथे न उकडलेल्या भाताचा गिरणीतला तांदूळ खाल्ला जाई.

भात खळ्यात पसरलं. काकी पायांनी सऱ्या ओढत ते परतत होत्या. ऊन चढल्यावर त्यांनी ते गोळा करून सावलीत घेतलं, कारण कडक उन्हात घाईने वाळलेला दाणा तडकतो. वाळलं की नाही ते त्या दाताखाली धरून बघतात.

गिरणीवाल्या दादांचा हिशेब सरळ होता. ‘‘पांढऱ्याला शंभरात आठ कोंडा जातो,’’ ते म्हणाले. शंभर किलो भात घातलं की वीसेक किलो तूस आणि आठ किलो कोंडा. तो कोंडा गुरांच्या आंबोणात जातो. गुरं धष्टपुष्ट आहेत, हे त्यांनी कौतुकाने सांगितलं. मुंबईच्या पाहुण्यांना तांदूळ पांढराफेक लागतो म्हणून लोक दोनदा पॉलिश करून मागतात, हेही सांगितलं. शंभरात आठ. धान्यातलं बहुतेक थायमिन त्या आठ किलोंत असतं.

थायमिनवाचून शरीराला भातातल्या पिष्टापासून नीट ऊर्जा काढता येत नाही, आणि आधी कोलमडतात नसा आणि हृदय. शरीरात त्याचा साठा असतो अवघा २५ ते ३० मिलिग्रॅम, दोन-तीन आठवडे पुरेल इतका. पाण्यात विरघळणाऱ्या बहुतेक जीवनसत्त्वांचं असंच आहे. जास्तीचं लघवीवाटे निघून जातं, म्हणून ती जेवणातून सतत मिळावी लागतात. यकृतात वर्षानुवर्षं साठून राहणारं ‘ब१२’ हा ठळक अपवाद. ‘क’ नसेल तर जखम भरत नाही, हिरड्यांतून रक्त येतं. नव्या पेशी घडायला ‘ब’ गटातलंच फोलेट लागतं, आणि त्याचा शोध मुंबईतून सुरू झाला. डॉक्टर ल्युसी विल्स यांनी इथल्या गरीब गर्भवतींचा रक्तक्षय यीस्टच्या अर्काने बरा होतो, हे १९३१ साली दाखवून दिलं.

दुपारी काकींनी पेज वाढली, सोबत सुकटीची चटणी. पेज म्हणजे दाणा आणि त्याचं पाणी दोन्ही, त्यामुळे पाण्यात उतरलेलं पोटातच जातं. ‘‘पेजेचां पाणी टाकूचां नसता,’’ त्या म्हणाल्या, ‘‘ह्यां खाल्लां काय चार वाजापर्यंत भूक लागणा नाय.’’ शहरात आपण पांढरा तांदूळ खळखळून तीन-चार पाण्यांनी धुतो, वर वेळून निवळ ओततो, आणि उरलंसुरलं थायमिनही मोरीत जातं.

ही जुन्या काळची गोष्ट नव्हे. गेल्या काही वर्षांत काश्मीर आणि कर्नाटकातल्या डॉक्टरांनी थायमिनच्या अभावाने अत्यवस्थ झालेल्या तान्ह्या बाळांची नोंद केली आहे. आया पॉलिशच्या तांदळावर, बाळंतपणाच्या कडक पथ्यावर. पथ्य आईचं, पण दुधातून तुटवडा बाळाच्या वाट्याला येतो. थायमिनचं इंजेक्शन मिळताच यातली कित्येक बाळं झपाट्याने सावरली. इतक्या स्वस्त औषधाने टळणारं मरण एकाही बाळाला येऊ नये.

काकींच्या सूनबाई म्हणाल्या, सासूबाईंनंतर हे माझ्याने होणार नाही. त्यांना दोष देववत नाही. सरपण, धूर, रात्रीची राखण, कमरेचं दुखणं, आणि बाजारात उकड्याला मिळणाऱ्या भावात या मजुरीचा हिशेब कुणी धरत नाही. परंपरेचे गोडवे गाऊन भाण चुलीवर चढणार नाही. गावोगावच्या बचत गटांना वाफेच्या टाक्या मिळाव्यात, गिरणीत एकाच पॉलिशचा आग्रह आपण गिऱ्हाइकांनी धरावा, शाळेच्या खिचडीत आणि बाळंतिणीच्या ताटात उकडा असावा, आणि त्याच्या भावात काकींची रात्र मोजली जावी. पांढऱ्या रंगाच्या हौसेपायी आपण शंभरात आठ काढून टाकतो आणि नंतर गोळ्यांच्या पाकिटातून तेच विकत घेतो. त्यापेक्षा ते पैसे उकडा करणाऱ्या हातांना द्यावेत.