शोधनिबंध कसे शोधावेत?

अहिल्यानगर जिल्ह्यात राहुरी, पारनेर, श्रीगोंदे या भागांत रब्बीच्या हंगामात हिंडलात, तर कांद्याची शेते जागोजागी दिसतील. एखाद्या शेतात पातीवर चट्टे पडलेले असतात आणि शेंडे वाळत असतात. “करपा आला,” असे शेतकरी सांगतो. शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी तुम्ही हाच विषय घेतला असे समजा. पहिला प्रश्न असा, की यावर आधी कोणी काय काम केले आहे? ते ठाऊक नसेल, तर दुसऱ्याने पूर्वीच करून टाकून दिलेला प्रयोग आपण पुन्हा करीत बसू. त्यात कांद्याचा एक हंगाम फुकट जाईल.

पूर्वी यासाठी मोठ्या ग्रंथालयात जाऊन कार्डांचे खण चाळावे लागत. राहुरीचे कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले. तेथील आणि देशातल्या इतर कृषी विद्यापीठांतील प्रबंध आता ‘कृषिकोश’ या संगणकीय भांडारात ठेवले जातात. इतर विद्यापीठांच्या पीएच.डी.च्या प्रबंधांसाठी ‘शोधगंगा’ आहे. शाळेतल्या संगणकावरही ही भांडारे उघडता येतात. पण उघडणे सोपे, शोधणे अवघड! असे का?

पाठ्यपुस्तकाच्या शेवटी कधी कधी शब्दसूची असते. शब्दापुढे पानांचे आकडे दिलेले असतात. संगणकही सगळ्या भांडाराची अशीच सूची आधी तयार करून ठेवतो. समजा, ‘कांदा’ या शब्दापुढे ३, ८, १५, २१ आणि ४० या क्रमांकांचे निबंध आहेत, आणि ‘करपा’ या शब्दापुढे ८, २१ आणि ३३. ‘कांदा आणि करपा’ असे विचारले, की दोन्ही याद्यांत असलेले ८ आणि २१ तेवढे मिळतात. ‘कांदा किंवा करपा’ म्हटले, तर सहाही निबंध पुढे येतात. ‘कांदा, पण करपा नको’ म्हटले, की ३, १५ आणि ४० उरतात. जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने १८५४ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अशा विचाराचे बीजगणित मांडले होते. भांडारात हे जोडशब्द ‘अँड’, ‘ऑर’ आणि ‘नॉट’ असे इंग्रजीत लिहावे लागतात. ‘नॉट’ मात्र जपून वापरा. ‘लसूण नको’ म्हणालात, तर कांदा आणि लसूण या दोहोंवरचा चांगला निबंधही हातचा जाईल.

यावरून एक गोष्ट ध्यानात येईल. अशी सूची शब्द जुळवते, अर्थ नव्हे. काही भांडारांत समानार्थी शब्द आधीच जोडलेले असतात, परंतु त्यावर विसंबू नये. बहुतेक निबंध इंग्रजीत असल्यामुळे ‘कांदा’ लिहून फारसे हाती लागत नाही. ‘ऑनियन’ लिहावे लागते. शिवाय ‘करपा’ हा एक रोग नाही. जांभळा करपा अल्टरनेरिया या बुरशीमुळे होतो, तपकिरी करपा स्टेम्फिलियममुळे आणि काळा करपा कोलेटोट्रायकममुळे. तेव्हा आधी रोग ओळखा, मग त्याचे शास्त्रीय नाव शोधा. गावोगावी बोलीतले नाव बदलते. शास्त्रीय नाव मात्र जगभर चालते.

आता आपल्या जिल्ह्याचेच नाव पाहा. २०२४ साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. केवळ नवे नाव लिहून शोध घेतलात, तर त्याआधीचे कितीतरी निबंध दिसणारच नाहीत. जुन्या नावाचे इंग्रजी स्पेलिंगही दोन प्रकारचे आहे. बहुतेक ठिकाणी ‘एम’नंतर ‘ई’ असतो, तर जनगणनेच्या अहवालांत ‘ए’ आढळतो. म्हणून तिन्ही रूपे ‘ऑर’ने जोडावीत.

एक चांगला निबंध सापडला, की त्याच्या शेवटची संदर्भसूची वाचा. तिच्यातून त्याआधीचे काम कळते. मग त्या निबंधाचा उल्लेख पुढे कोणी केला आहे, तेही पाहा; त्यातून नंतरचे काम कळते. कोणत्या तारखेला, कोठे, कोणते शब्द वापरून शोधले, याची वहीत नोंद ठेवा.

आणि काहीच सापडले नाही तर? ‘यावर कोणी काम केलेले नाही’ असे लगेच लिहू नका. कदाचित तुमचा शब्द निराळा असेल. कदाचित तो जुना निबंध छायाचित्राच्या रूपात ठेवलेला असेल आणि संगणकाला त्यातली अक्षरे वाचता येत नसतील. शब्द बदलून पुन्हा शोधा, शिक्षकांना विचारा, ग्रंथपालांना भेटा.

करून पाहा : तुमच्या गावातील एका पिकाची कीड निवडा. तिचे मराठी, इंग्रजी आणि शास्त्रीय नाव लिहून काढा. प्रत्येक नावाने वेगळा शोध घ्या आणि किती निबंध मिळतात ते मोजा. तिन्ही आकडे सारखे येतात का?