‘फ्रेंच कनेक्शन’ची खरी प्रत कोणती?

2025मध्ये जीन हॅकमन गेल्याची बातमी आल्यावर त्यांचे जुने सिनेमे पुन्हा शोधून पाहिले गेले. त्यात ‘द फ्रेंच कनेक्शन’चं नाव सर्वांत आधी आलं आणि ते रास्तच होतं. हॅकमन यांनी साकारलेल्या पोपाय डॉयल या पोलिसाची गोष्ट, पाच ऑस्कर, रेल्वेच्या पुलाखालचा तो पाठलाग यांवर तेव्हा भरपूर लिहून झालं. त्यात एक प्रश्न मात्र फारसा कुणी विचारला नाही. आज हा सिनेमा घरी लावला, तर पडद्यावर नेमका कोणता ‘फ्रेंच कनेक्शन’ दिसेल? गेल्या दोन तपांत घरी पाहण्यासाठी निघालेल्या त्याच्या प्रतींमध्ये रंग वेगळे आहेत, प्रकाश वेगळा आहे आणि एका प्रतीतून तर काही सेकंदांचं संभाषणच गायब आहे.

या प्रती ताडून पाहायच्या तर आधी ओवेन रॉइझमन यांचं काम समजून घ्यावं लागतं. हे या सिनेमाचे छायालेखक. जन्म ब्रुकलिनचा, वडील बातमीपटांचे कॅमेरामन. रॉइझमन जाहिरातपटांतून आले होते आणि पूर्ण लांबीच्या सिनेमाचा अनुभव त्यांच्या गाठीशी जवळपास नव्हता. 1970-71च्या हिवाळ्यात दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन यांनी त्यांना न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर उतरवलं, तेव्हा त्यांनी चाळिशीही गाठली नव्हती. फ्रीडकिन माहितीपट करून आलेले. त्यांना सजवलेलं दृश्य नको होतं. त्यामुळे खऱ्या बारमध्ये, खऱ्या गल्लीत, भुयारी रेल्वेच्या खऱ्या फलाटावर, जिथे जो उजेड असेल त्यातच भागवायचं आणि अगदीच गरज पडली तर थोडी भर घालायची, असं काम चाललं. कॅमेरा बहुतेक वेळ एन्रिके ब्राव्हो यांच्या खांद्यावर. फ्रीडकिन आधी नटांची तालीम घेत आणि कॅमेरा चालवणाऱ्याला ती पाहू देत नसत, म्हणजे प्रत्यक्ष चित्रीकरणात कॅमेऱ्याला माणसं शोधावी लागत. त्या सिनेमातली धडपड अशी कॅमेऱ्यातच शिरलेली आहे.

त्या काळच्या रंगीत फिल्मला भरपूर उजेड लागे. कमी उजेडात काम निभवायचं तर निगेटिव्ह प्रयोगशाळेत नेहमीपेक्षा जास्त वेळ डेव्हलप करावं लागतं. कॅमेरावाले याला ‘पुश करणं’ म्हणतात. त्याने चित्र उजळतं, पण रवाळपणाही वाढतो. रॉइझमननी हा रवाळपणा जाणूनबुजून पत्करला आणि वापरला. भिंतींचा मळकट तपकिरी, रस्त्यांचा ओलसर करडा, थंडीने लाल झालेली हॅकमनची नाकपुडी, पोलीस ठाण्यातल्या ट्यूबलाइटचा आजारी हिरवट उजेड, हे सगळं त्या निगेटिव्हमध्ये आहे. पुढे ‘द एक्झॉर्सिस्ट’, ‘नेटवर्क’, ‘टूट्सी’ असे सिनेमे त्यांच्या हातून झाले, पाच वेळा ऑस्करचं नामांकन मिळालं आणि 2017 साली मानद ऑस्कर मिळालं. न्यूयॉर्कमधला गुन्हेपट कसा दिसतो, याची आज आपल्या डोक्यात जी कल्पना आहे, तिचा मोठा हिस्सा या एका माणसाने घडवला, असं मी ठामपणे म्हणेन.

2001 साली दोन डिस्कची डीव्हीडी आली. आजच्या मोठ्या टीव्हीवर तिचं चित्र मऊ आणि धूसर वाटतं, कारण डीव्हीडीत तपशील मुळातच कमी मावतो. तरी रंगांचा तोल सिनेमागृहातल्या जुन्या प्रिंटशी इमान राखणारा होता. तिच्यातला पुरवणी मजकूरही समृद्ध होता. फ्रीडकिन यांचं समालोचन, हॅकमन आणि सहनट रॉय शायडर यांचं समालोचन, बीबीसीचा माहितीपट. हॅकमन आपल्या कामाबद्दल फार बोलणारे नट नव्हते. आता ते नसताना त्या समालोचनाचं मोल आणखी वाढलं आहे.

वाद पेटला 2009च्या ब्लू-रेने. आता तपशील पाचपट होणार, रॉइझमनचं काम पहिल्यांदा घरी नीट दिसणार, अशी चाहत्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात फ्रीडकिन यांनी सिनेमाचा रंगच बदलला. आधी संपूर्ण सिनेमाची कृष्णधवल प्रत केली, मग रंगांचा वेगळा थर भडक करून आणि मुद्दाम धूसर करून तिच्यावर चढवला. प्रेरणा होती जॉन ह्यूस्टन यांच्या 1956च्या ‘मोबी डिक’ची, जिथे छायालेखक ऑस्वाल्ड मॉरिस यांनी रंगीत चित्रात करडी प्रतिमा मिसळून रंग उतरवले होते. फ्रीडकिन यांनी हे लपवलं नाही. त्याच डिस्कवरच्या एका लघुपटात ते ही सगळी प्रक्रिया उत्साहाने समजावून सांगतात. आपल्याला हवं असलेलं रूप तंत्राने आता शक्य केलं, असं त्यांचं म्हणणं.

परिणाम काय झाला, ते सुरुवातीलाच दिसतं. डॉयल सांताक्लॉजच्या वेशात ब्रुकलिनमध्ये पाठलाग करतो, तिथे त्या अंगरख्याचा लाल रंग कडा सोडून बाहेर ओघळतो. चेहरे फिके पडतात, सावल्या काळ्याठिक्कर होतात, आकाश जळून पांढरं होतं. सर्वांत मोठं नुकसान होतं ते उपाहारगृहाच्या प्रसंगात. आत फ्रेंच तस्कर शार्निए सावकाश, चवीने जेवतो आहे. बाहेर फुटपाथवर डॉयल थंडीत कुडकुडत पिझ्झा चावतो आणि बेचव कॉफी रस्त्यावर ओतून देतो. आतला पिवळा उबदार उजेड आणि बाहेरचा निळसर गारठा यांच्यातलं अंतर हाच त्या प्रसंगाचा अर्थ आहे. कोण सुखात आहे आणि कोण झिजतो आहे, ते तिथे एकाही शब्दाविना कळतं. रंग काढून घेतले की ते अंतर घटतं आणि प्रसंगातली चीड बोथट होते.

फिल्मच्या जमान्यात प्रयोगशाळेतला ‘टायमर’ लाल, हिरवा आणि निळा अशा तीन दिव्यांची तीव्रता प्रत्येक शॉटसाठी कमी-जास्त करत असे. त्याने अख्खा शॉट उजळ, गडद, थंड किंवा उबदार करता येई, पण एखाद्या रंगाला चित्रातून वेगळा काढून त्याच्याशी खेळता येत नसे. डिजिटल टेबलावर हवं ते करता येतं. म्हणून 2009ची प्रत 1971च्या कुठल्याही प्रिंटची सुधारलेली आवृत्ती ठरत नाही. ती त्याच दिग्दर्शकाने जवळपास चार दशकांनी केलेली दुसरी कलाकृती आहे.

रॉइझमन यांना याबद्दल विचारलंच गेलं नव्हतं. एका रेडिओ मुलाखतीत त्यांनी ही प्रत भयंकर असल्याचं स्पष्ट सांगितलं आणि तिच्याशी आपला संबंध नाकारला. हॉलिवूडमध्ये छायालेखक दिग्दर्शकाच्या विरोधात इतक्या उघडपणे सहसा बोलत नाहीत. ते बोलले आणि त्याचा उपयोग झाला. मार्च 2012मध्ये नवी ब्लू-रे आली. या वेळी फ्रीडकिन आणि रॉइझमन दोघांनी मिळून रंगांवर देखरेख केली. चेहऱ्यांत रक्त परत आलं, सांताचा अंगरखा आपल्या जागी बसला, पुलाखालच्या सावल्यांत पुन्हा तपशील दिसू लागला. रवाळपणा राहिला, पण जेवढा निगेटिव्हमध्ये होता तेवढाच. पाठलागाचा प्रसंग या प्रतीत पाहावा. वर धावणारी गाडी, खाली लोखंडी खांबांच्या जाळीतून पडणारे उन्हाचे पट्टे आणि त्यातून सुसाट निघालेली डॉयलची पाँटियाक. उजेड-अंधाराचं ते झपाट्याने बदलणं हा त्या प्रसंगाचा ठेका आहे आणि तो इथेच नीट जाणवतो.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण जून 2023मध्ये अमेरिकेतल्या ‘क्रायटेरियन चॅनल’ या ओटीटी सेवेच्या प्रेक्षकांना एक झटका जाणवला. सुरुवातीच्या पोलीस ठाण्यातल्या प्रसंगात डॉयल कृष्णवर्णीयांबद्दल अत्यंत हीन शब्द वापरतो. ते काही सेकंद कापलेले होते, तेही इतक्या ओबडधोबडपणे की चित्र उडी मारतं. प्रेक्षकांना आधी काहीही सांगितलेलं नव्हतं. फॉक्स स्टुडिओ विकत घेतल्यामुळे 2019पासून या सिनेमाचे हक्क डिस्नेकडे आहेत. हा वाद चालू असतानाच, त्या ऑगस्टमध्ये फ्रीडकिन गेले. रॉइझमन त्याच वर्षी जानेवारीत गेले होते.

तो शब्द घाणेरडा आहे आणि सिनेमालाही तो घाणेरडाच वाटतो. डॉयल हा वंशद्वेष्टा, हट्टी, स्वतःच्या नादात माणसं मारणारा पोलीस आहे, हे पहिल्या काही मिनिटांत कळलं नाही तर पुढे त्याचा पाठलाग नुसता थरार उरतो. डॉयलची भाषा बोलणं हॅकमनना जड गेलं होतं, हे फ्रीडकिन यांनी पुढे सांगितलेलं आहे. तो अवघडलेपणा अभिनयात शिरला म्हणून डॉयल आपल्याला एकाच वेळी ओढूनही घेतो आणि नकोसाही वाटतो. ते सेकंद कापणारा डॉयलला सभ्य करतो आणि हॅकमनचं काम उणं करतो.

2009चा रंगबदल आणि 2023चा काट या दोन घटनांत एक मोठा फरक आहे. 2009ची प्रत कितीही चुकलेली असली तरी ती एक वस्तू होती. लोकांनी ती विकत घेतली, जुन्या प्रतीशेजारी लावून ताडली, तक्रार केली आणि तीन वर्षांत दुरुस्ती झाली. ओटीटीवरची प्रत रातोरात बदलते. जुनी प्रत शेजारी ठेवायला हातात काहीच नसतं. 2023चा काट पकडला गेला तो लोकांच्या कपाटात जुन्या डिस्क होत्या म्हणून. शिवाय रवाळ चित्र ओटीटीला जड जातं. प्रत्येक फ्रेममधले कण वेगळे असतात, ते सगळे पाठवायला डेटा फार लागतो, मग कण पुसून चित्र गुळगुळीत केलं जातं. रॉइझमनचं अर्धं काम तिथेच नाहीसं होतं.

दिग्दर्शकाला आपला सिनेमा पुन्हा घडवण्याचा हक्क असावा, हे मला मान्य आहे. ऑर्सन वेल्स यांनी स्टुडिओला लिहिलेल्या 58 पानी टिपणाच्या आधारे संकलक वॉल्टर मर्च यांनी 1998मध्ये ‘टच ऑफ ईव्हिल’ पुन्हा जुळवला, तेव्हा सिनेमाचं भलंच झालं. पण पुढे त्याच्या 1958च्या आणि मधल्या काळातल्या आवृत्त्याही एकत्र विकायला ठेवल्या गेल्या. पाहणाऱ्याला तिन्ही मिळाल्या. तोच रास्त मार्ग आहे. नवं करा, जुनं मिळू द्या आणि काय बदललं ते वेष्टनावर छापा.

तेव्हा ‘फ्रेंच कनेक्शन’ घ्यायचा असेल तर 2012ची, ‘फिल्ममेकर्स सिग्नेचर सिरीज’ असं लिहिलेली ब्लू-रे घ्या. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून मागवत असाल तर आपल्या प्लेअरवर चालेल का, ते आधी पाहा. ब्लू-रेच्या विभागणीत अमेरिका ‘ए’ मध्ये आणि भारत ‘सी’ मध्ये येतो. 2001ची डीव्हीडी घरात असेल तर हॅकमनच्या आवाजासाठी ती जपून ठेवा. आणि जुन्या डिस्क रद्दीत घालायला निघाला असाल तर थांबा. उद्या कुणी सिनेमा गुपचूप बदलला, तर त्याचा पुरावा तुमच्याच कपाटात असेल.