वाटीचा हिशेब

अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी एंगेलचा नियम सांगितला, तेव्हा मागच्या बाकावरून कुणीतरी ‘मार्क्सचा दोस्त!’ असे म्हटले आणि वर्ग हसला. तो एंगेल्स निराळा. हा अर्न्स्ट एंगेल जर्मन संख्याशास्त्रज्ञ. बेल्जियममधील कामगार कुटुंबांच्या खर्चाचे आकडे तपासून त्याने १८५७ साली असे दाखविले की, कुटुंबाचे उत्पन्न जितके कमी, तितका त्यातील अन्नावर खर्च होणारा वाटा मोठा. परीक्षेला येईल म्हणून मी हा नियम वहीत उतरवून घेतला. तो आमच्याच घराविषयी आहे, हे मात्र गेल्या वर्षीच्या जानेवारीपर्यंत माझ्या ध्यानात आले नव्हते.

आमचे आण्णा यंत्रमागावर जॉबर आहेत. त्या महिन्यात कारखान्यातील एक पाळी बंद झाली आणि आठवड्याचा पगार घटला. महिन्याकाठी सरासरी १९ हजार हाती पडत, ते साडेपंधरा हजारांवर आले. घरात आम्ही पाच माणसे. आजी, आण्णा, आई, मी आणि अकरावीतली धाकटी बहीण. एका रात्री जेवताना तिच्या क्लासच्या फीचा विषय निघाला आणि कुणीच काही बोलले नाही. ते न बोलणे मला झोंबले. सगळे झोपल्यावर मी दुकानदाराच्या उचापतीची वही काढली आणि जेवणाखाण्याचा खर्च मांडत बसलो. आदल्या महिन्यात ११,४०० रुपये गेले होते, म्हणजे पूर्वीच्या उत्पन्नाच्या बरोबर ६० टक्के. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या कुटुंब उपभोग खर्च पाहणीत हा वाटा ग्रामीण भागात सुमारे ४७ आणि शहरी भागात सुमारे ४० टक्के आहे. एंगेलसाहेबांना आमच्या घराचा पत्ता कुणी दिला होता कोण जाणे!

पैसा जातो कुठे, हे शोधू लागलो तेव्हा पहिला चोर मीच निघालो. माझा कॉलेजातला वडापाव आणि चहा, धाकटीची कुरकुऱ्याची पाकिटे, आण्णांची पाळीवरची मिसळ, पाहुणे आले की बेकरीतून येणारी खारी व नानकटाई, असे सारे मिळून २,१५० रुपये होत होते. आमचेच घर असे आहे असे नव्हे. त्याच सरकारी पाहणीत अन्नखर्चातला सर्वांत मोठा भाग पेये व तयार खाद्यपदार्थांचा आहे. धान्यावर त्याहून कितीतरी कमी जाते. आपण ‘महागाई’ म्हणतो तेव्हा डोळ्यांपुढे गहू-तांदूळ येतात, पण खिसा रिकामा होतो तो पुड्यांनी. हिशेबासाठी मी एकदा घरीच मिसळ करायला लावली. मटकी, कांदे, कट, फरसाण आणि दहा पाव धरून पाच जणांची मिसळ सव्वाशेच्या आत झाली. आण्णा बाहेर एका प्लेटला साठ रुपये देत होते.

मग मी आठवड्याचा बेत आखू लागलो. आईला हे फारसे रुचले नाही. “बावीस वर्षं या घरचा सैपाक करते मी, आणि आता तू मला पीठ मापून देणार होय रे?” असे ती म्हणाली. पण फीचा विषय तिच्याही मनात होता, म्हणून तिने चालू दिले.

बेत आखणे म्हणजे सोमवारी हे आणि मंगळवारी ते असे तक्ते करणे, अशी माझी समजूत होती. आजीने ती दोन दिवसांत मोडली. तिचे म्हणणे, आधी काय नासणार ते बघ. आठवडी बाजारातून आलेली मेथी, चाकवत, कोथिंबीर पहिल्या दोन दिवसांत संपली पाहिजे. मग वांगी, दोडका, कोबी. शेवटचे दोन दिवस बाजार संपलेला असतो, तेव्हा मटकी-मुगाची उसळ, पिठले किंवा नुसती आमटी. मटकी बुधवारी भिजत घातली तर शुक्रवारी मोड येतात, म्हणजे बुधवारीच शुक्रवारचा विचार करावा लागतो. बाजारातही आम्ही दिवेलागणीला जाऊ लागलो, कारण त्या वेळी पालेभाजीवाल्यांना माल परत न्यायचा नसतो. दोडक्याच्या शिरांची चटणी, शिळ्या भाकरीचा कुस्करा, सायीच्या ताकाची कढी या गोष्टी आजीच्या काळापासून चालत आलेल्या. पुरणाची डाळ शिजल्यावर वरचे पाणी फेकून न देता त्याची कटाची आमटी करणाऱ्या पहिल्या बाईने कोणते अर्थशास्त्र वाचले होते? सणाच्या दिवशीही तिला काटकसर सुटली नाही आणि आपण ती आमटी पुरणपोळीइतकीच चवीने खातो.

गॅसचेही तसेच. कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे पाणी १०० अंशांऐवजी सुमारे १२० अंशांवर उकळते, म्हणून डाळ लवकर शिजते, हे आपण शाळेतच शिकलो. पण तूरडाळ अर्धा तास भिजवली, भात-डाळ-बटाटे एकाच कुकरात डब्यांवर डबे ठेवून लावले आणि शिट्टीनंतर आच बारीक केली, तर सिलिंडर किती पुरतो, हे शाळेत कुणी सांगितले नव्हते. आमचा २७ दिवसांचा सिलिंडर ३४ दिवस गेला.

एका बाबतीत मात्र माझी फजिती झाली. वस्तू घाऊक घ्यावी, स्वस्त पडते, असे पुस्तकात असते. तूर जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात येते, रब्बीची ज्वारी त्यामागून, मिरची मार्च-एप्रिलात वाळते, आणि टिकाऊ कांदा उन्हाळी. त्या त्या वेळी वर्षाची बेगमी करावी हे खरे, पण त्यासाठी एकदम पैसे लागतात आणि ते ज्याच्याजवळ नाहीत तो दहा रुपयांची तिखटाची पुडी आणतो. किलोच्या भावाने पाहिले तर तीच सर्वांत महाग. गरिबाला महाग पडते ते असे. शेवटी आम्ही शेजारच्या दोन घरांबरोबर मिळून ज्वारीचे पोते घेतले आणि ओसरीवर तिघांत वाटले. कांदा-लसूण चटणीही तिन्ही घरांची एकत्रच कांडून आणली. वर्षाची नाही, सहा महिन्यांची.

दोन महिन्यांनी पुन्हा हिशेब मांडला. बाहेरच्या खाण्यात १,५५०, किराण्यात ४५० आणि भाजीत ३५०, असे २,३५० रुपये वाचले होते. खर्च ९,०५० वर आला होता. मी ती वही वर्गात चार जणांना दाखवली, हे कबूल करतो.

आता जे सांगायचे आहे ते वहीत नव्हते. भाजीत वाचलेल्या पैशांपैकी काही माझ्या ‘मोजमापा’चे होते. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ (१९७०) आमच्या घरी आहे. त्यातली वाटी-चमच्याची मापे मला फार पटली होती. एक वाटी तांदळाचा साधारण तीन वाट्या भात होतो, हे धरून मी माणशी हिशेब बसवला. रोज रात्री चौदा भाकऱ्या होत आणि दोन-तीन राहत, म्हणून मी बारा करायला सांगितले. भाजीही बेताची. काही उरायचे नाही, टाकायचे नाही, आणि मला त्याचाच अभिमान!

मार्चच्या अखेरीस आई नळावर चक्कर येऊन बसली. डॉक्टरांनी रक्त तपासायला लावले. हिमोग्लोबिन ८.६ निघाले. घरी आल्यावर धाकटी मला म्हणाली, “दादा, उरलेलं आईच खायची.” मी गप्प झालो. एकवीस वर्षांत आईचे ताट मी कधी पाहिलेच नव्हते. माझे जेवण झाले की मी उठून जात असे. ज्याला मी उरलेले समजत होतो, ते तिचे रात्रीचे जेवण होते. पाच माणसांचा हिशेब मी चार माणसांच्या भुकेवर बसवला होता. रक्त आधीपासूनच कमी असणार, असे डॉक्टर म्हणाले, पण माझ्या वहीने त्यात भर घातली नाही असे मी म्हणू शकत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला आहे. त्या सगळ्या घरांत वही नव्हती, हे उघड आहे; पंगत मात्र बहुधा आमच्यासारखीच असावी.

त्यानंतर बेत बदलला. पाचही ताटे एकदम वाढायची, भाकऱ्या पुन्हा चौदा. आईच्या लोहाच्या गोळ्या चालू झाल्या. आठवड्यातून तीनदा पालेभाजी, तिच्यासोबत लिंबू, कारण आंबट फळांतील क जीवनसत्त्वामुळे अन्नातले लोह अंगी लागते. आणि जेवणावर लगेच चहा नाही, कारण त्याने ते अडते. अंडी आणि जादा दूध धरून ३८० रुपये वाढले. खर्च ९,४३० झाला. साडेपंधरा हजारांत त्याचा वाटा काढला तर ६१ टक्क्यांच्या जवळ जातो, म्हणजे पूर्वीपेक्षा एक टक्का जास्तच! एवढी काटकसर करून आम्ही एंगेलच्या नियमातून सुटलो नाही, कारण उत्पन्नच घटले होते. तरी धाकटीची फी तीन हप्त्यांत भरली गेली.

हिशेब मी अजून ठेवतो. वहीत आता एक रकाना वाढला आहे, ‘आई जेवली का’. तो धाकटी भरते, कारण आईने भरला तर तिथे रोज ‘हो’ असते. गेल्या आठवड्यात सोमवारी आणि गुरुवारी रकाना रिकामा दिसला. विचारल्यावर आई म्हणाली, “चतुर्थी होती.” दोन्ही दिवशी? धाकटी भिंतीवरचे कॅलेंडर काढायला उठली.