झोपेची एफिशियन्सी किती?

आपल्या हॉस्टेलमध्ये रात्री दोन वाजता जागं असणं ही काही बातमी नाही. सबमिशन असतं, व्हायवा असतो, काहीच नसलं तर क्रिकेट असतं. पण आपण झोप टाळत असतो. ज्याला झोप हवी आहे आणि येतच नाही अशा माणसाची रात्र मी मागच्या दिवाळीत पहिल्यांदा पाहिली, तिवस्याला, आमच्याच घरी. (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे मराठीत चुका सापडतील. संपादकांनी सांभाळून घेतलंच आहे.)

माझ्या मोठीआईला ब्रेस्ट कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं, केमो झाली, रिपोर्ट चांगले आले. सगळे म्हणाले, सुटलो. मोठीआई मात्र म्हणायची, "रातभर डोयाले डोया लागत नाही व माय." वर्षभर तपासणीला जाऊनही तिला कोणी झोपेबद्दल विचारलं नव्हतं आणि तिनेही सांगितलं नव्हतं. जीव वाचला, आता झोपेची काय तक्रार करायची, असं तिला वाटे.

मी लगेच हुशारी दाखवली. लवकर अंथरुणात जा, गरम दूध पी, दुपारी थोडी पडत जा. महिनाभराने ती आणखी थकलेली दिसली. नंतर कळलं की दूध सोडलं तर माझे बाकीचे दोन्ही सल्ले नेमके उलटे होते.

ते कसं, हे आपल्या भाषेत सांगते. झोपेची ओढ ही ओव्हरहेड टँकसारखी असते. जागेपणी ती भरत जाते, झोपेत रिकामी होते. दुपारी तासभर झोपलं की नळ उघडा राहिला म्हणून समजा, रात्री प्रेशर येत नाही. आर्थर स्पीलमन यांनी १९८० च्या दशकात निद्रानाशाची मांडणी केली, तिच्यात तीन गोष्टी वेगळ्या काढल्या आहेत : मुळात असलेला स्वभाव, निमित्त झालेली घटना आणि त्रास चालू ठेवणाऱ्या सवयी. कॅन्सरमध्ये निमित्तांची कमी नसते. भीती असते, दुखणं असतं, केमोबरोबर दिलेलं स्टेरॉइड असतं, हार्मोनच्या गोळ्यांनी रात्री अंगातून निघणाऱ्या वाफा असतात. निमित्त सरतं, सवयी मात्र राहतात. माणूस झोप 'भरून काढायला' जास्त वेळ आडवा होतो, आणि मग खाट ही झोपेची जागा न राहता काळजी करण्याची जागा होते.

यावरच्या उपचाराला सीबीटी-आय म्हणतात. जुन्या निद्रानाशावर गोळीच्या आधी हाच उपचार द्यावा, असं अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये सांगितलं. त्याचं हृदय म्हणजे एक भागाकार. झोपेचे तास भागिले अंथरुणातले तास, गुणिले शंभर. अगदी आपली एफिशियन्सी! मोठीआई साडेनऊ ते सहा, म्हणजे साडेआठ तास पडून असायची आणि झोप व्हायची पाच तास. उत्तर आलं ५९. ते ८५ च्या पुढे न्यायचं असतं. त्यासाठी झोप नाही वाढवायची, आधी अंथरुणातला वेळ कमी करायचा. मला हे पटायला दोन दिवस लागले.

दुसरा नियम रिचर्ड बूटझिन यांचा, १९७२ चा. झोप येत नसेल तर खाटेवरून उठायचं आणि डोळे जड झाले की परत यायचं. वाचायला सोपं आहे. पण तिवस्याच्या दोन खोल्यांच्या घरात उठून जायचं कुठे? सगळे ओळीने झोपलेले, दिवा लावला की अर्धं घर जागं. परदेशी पुस्तकात दुसरी खोली गृहीत धरलेली असते. आम्ही स्वयंपाकघरात पाट आणि बारका बल्ब ठेवला. तिथे बसून ती लसूण सोलते.

खरा प्रश्न असा की हा उपचार देणार कोण? मोझरीचं गुरुकुंज आमच्याच तालुक्यात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज १९६८ मध्ये कॅन्सरनेच गेले, आणि नागपूरच्या कॅन्सर हॉस्पिटलला त्यांचं नाव आहे. पण तिवस्याहून नागपूर शंभरावर किलोमीटर. केमोसाठी माणूस जाईल, झोपेसाठी दर आठवड्याला कोण जाणार?

म्हणून उपचारानेच माणसाकडे यायला हवं. कॅनडात लावाल विद्यापीठाच्या जोझे सावार यांनी ब्रेस्ट कॅन्सरच्या २४२ महिलांवर हे करून पाहिलं. काहींना समोर बसून उपचार दिले, काहींना घरी व्हिडिओ आणि पुस्तिका दिली, काहींना काहीच नाही. २०१४ मध्ये निष्कर्ष आले. समोरासमोरचा उपचार सरस ठरला, पण नुसत्या व्हिडिओवाल्याही काहीच न मिळालेल्यांपेक्षा बऱ्या झोपल्या.

आणि फार लांब कशाला, आपल्या अमरावती जिल्ह्यातच तीस गावांत 'विश्राम' नावाचा प्रकल्प झाला होता. तो झोपेसाठी नव्हता, डिप्रेशनसाठी होता. गावातलेच लोक शिकवून समुपदेशक केले, अवघड केस तेवढी डॉक्टरकडे. दीड वर्षात डिप्रेशन असलेल्यांपैकी मदत घेणारे ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले, असं २०१७ मध्ये लॅन्सेट सायकिअॅट्रीत छापून आलं. जे डिप्रेशनला जमलं ते झोपेला का जमू नये? इथे तर अर्धं काम वही आणि घड्याळाचं आहे.

आम्ही अमरावतीच्या एका मानसशास्त्रज्ञ मॅडमना एकदा भेटलो, बाकी सगळं फोनवर. त्यांनी आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारायला लावलं. दुखणं आटोक्यात नसेल, फिट येत असतील, मूडचा मोठा आजार असेल तर झोपेची वेळ अशी आपल्या मनाने कापायची नसते. कोणी ओळखीचं नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा फुकट नंबर २०२२ पासून चालू आहे. मराठीत बोलता येतं.

मोठीआईला साडेअकरा ते साडेपाच अशी वेळ मिळाली. पहिला आठवडा वाईट गेला, तिने मला शिव्याही घातल्या. तिला लिहायचा कंटाळा, म्हणून वहीत आडवं झाल्यावर चंद्र, उठल्यावर सूर्य आणि शेजारी वेळ, एवढंच. भागाकार मी हॉस्टेलवरून करते. दुसऱ्या आठवड्याला ८३ आले. तिसऱ्याला ८७ आले, तेव्हा रविवारी फोनवर म्हणाली, "मंग आता पंधरा मिनिटं वाढवून दे न व."

दिली. सध्या सव्वाअकरा.